डॉन पॅट्रिसिओ

स्मरणिकेसाठी लेख द्या, असं संपादक मंडळाने मला तीनदा सांगितलं. माजी खजिनदार या नात्याने मी सोसायटीच्या हिशोबांचा इतिहास लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. पण पंचवीस वर्षांच्या थकबाकीवर लेख लिहिला तर तो वाचणार कोण? आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं, ते रोज लिफ्टमध्ये भेटतात! म्हणून मी विषयच बदलला. हा लेख फुटबॉलबद्दल आहे. म्हणजे, सुरुवात तरी फुटबॉलची आहे.

संध्याकाळी पाचनंतर आपल्या पार्किंगच्या मागच्या मोकळ्या जागेत मुलं खेळतात. त्यातल्या निम्म्या मुलांच्या अंगावर बार्सिलोनाचा निळ्या-लाल पट्ट्यांचा शर्ट असतो आणि पाठीवर मेस्सीचं नाव. मेस्सी तो क्लब सोडून गेला, तरी आपल्याकडचे शर्ट काही उतरले नाहीत. बी विंगमधल्या एका छोट्याला मी एकदा विचारलं की हा क्लब कुणाच्या मालकीचा आहे. त्याने अर्थातच मेस्सीचं नाव घेतलं. मी त्याला सांगितलं की अरे, तो क्लब आपल्या सोसायटीसारखा आहे. आजोबा गंमत करतायत असं त्याला वाटलं आणि तो बॉलच्या मागे पळाला.

पण मी गंमत करत नव्हतो. १८९९ साली स्थापन झालेल्या बार्सिलोना क्लबचा कुणी शेठ मालक नाही. वर्गणी भरणारे सभासद हेच त्याचे मालक. तेच मतदान करून अध्यक्ष निवडतात आणि सभेत हिशोब मागतात. आता सभासदांची संस्था म्हटली की तिचं बळ कशात आणि दुखणं कशात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सभासदांनी वर्गणी भरली तर संस्था चालते, नाहीतर बसते. नव्वदेक वर्षांपूर्वी हा क्लब असाच बसायच्या बेतात आला होता. तो तगला, त्यात मोठा वाटा अशा एका माणसाचा होता, जो सभासद नव्हता आणि त्या देशाचाही नव्हता. तो तिथला पगारी नोकर होता. त्याचं नाव पॅट्रिक ओकॉनेल. स्पेनमधले लोक त्याला आदराने डॉन पॅट्रिसिओ म्हणत.

ओकॉनेलचा जन्म १८८७ सालचा, आयर्लंडमधल्या डब्लिनचा. तेव्हा आयर्लंडवरही आपल्यासारखंच इंग्रजांचं राज्य होतं. घरची परिस्थिती बेताची. पॅट्रिक लहान वयातच पिठाच्या गिरणीत कामाला लागला. कामावरून सुटला की फुटबॉल. अंगाने भक्कम, बचावात खेळणारा, समोरच्याला सहजासहजी पुढे जाऊ न देणारा. बेलफास्टमधल्या सेल्टिक क्लबने त्याला घेतलं आणि तिथून १९०९ साली तो इंग्लंडमध्ये शेफील्डला गेला. लग्न झालेलं होतं, बायकोचं नाव एलन. पुढे चार मुलं झाली. शेफील्डनंतर तो हल सिटी या क्लबकडून खेळला.

१९१४ हे वर्ष त्याच्या खेळातलं सोन्याचं वर्ष. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांमध्ये दरवर्षी एक स्पर्धा होत असे. तीस वर्षं आयर्लंडने ती एकट्याने कधीच जिंकली नव्हती. त्या वर्षी ओकॉनेल कर्णधार होता. आयर्लंडने वेल्सला हरवलं, मग इंग्लंडला त्यांच्याच मैदानावर ३-० असं हरवलं. शेवटचा सामना बेलफास्टला, स्कॉटलंडशी. त्यात ओकॉनेलच्या हाताला जबर दुखापत झाली. तेव्हा बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती. तो तसाच खेळत राहिला. सामना १-१ असा सुटला आणि आयर्लंडने स्पर्धा जिंकली. लगेचच मँचेस्टर युनायटेडने हजार पौंड मोजून त्याला घेतलं. तेव्हाचे हजार पौंड, बरं का! तिथेही तो कर्णधार झाला.

आणि मग दुसऱ्याच वर्षी ती काळी खूण आली. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. पहिलं महायुद्ध सुरू होतं. हा मोसम संपला की लीग बंद पडणार आणि खेळाडूंचे पगार थांबणार, हे सगळ्यांना दिसत होतं. मँचेस्टर युनायटेड खालच्या श्रेणीत ढकललं जाण्याच्या उंबरठ्यावर होतं. त्या दिवशी त्यांनी लिव्हरपूलला २-० असं हरवलं. नेमक्या याच निकालावर बुकींकडे भरपूर पैसे लागले होते. चौकशी झाली. दोन्ही संघांतले काही खेळाडू आपसात ठरवून खेळले होते, असं निष्पन्न झालं आणि सात जणांवर कायमची बंदी आली. ओकॉनेलवर काहीच शाबीत झालं नाही. पण त्या सामन्यात एक पेनल्टी मिळाली होती, ती त्याने मारली होती आणि बॉल गोलच्या बराच बाहेरून गेला होता. एवढी गोष्ट त्याच्या नावाला चिकटली ती चिकटलीच. नऊ वर्षं खजिनदारकी केल्यामुळे मला एक माहीत आहे. ऑडिटमध्ये काही सापडलं नाही म्हणून लोकांची कुजबुज थांबतेच असं नाही.

युद्ध संपलं तेव्हा ओकॉनेल बत्तिशीच्या आसपास होता. बचाव करणाऱ्या खेळाडूचे पाय त्या वयात जड व्हायला लागतात. एक मोसम स्कॉटलंडमध्ये काढून तो इंग्लंडच्या उत्तरेला ॲशिंग्टन नावाच्या गावी गेला. कोळशाच्या खाणींचं गाव, छोटा क्लब. तिथे तो खेळता खेळताच संघ सांभाळायला शिकला. इथेच त्याच्यातला मॅनेजर जन्माला आला म्हणायचं.

१९२२ साली त्याला स्पेनहून बोलावणं आलं. उत्तर किनाऱ्यावरच्या सांतांदेर या बंदराच्या गावातल्या रेसिंग क्लबला प्रशिक्षक हवा होता. त्या काळी इंग्रजी फुटबॉल शिकलेल्या माणसाला युरोपभर मागणी होती. ओकॉनेल गेला. एकटाच गेला. बायको आणि चार मुलं मागे मँचेस्टरला राहिली. अधूनमधून पैसे येत, पण तो पुन्हा त्या घरी राहायला आला नाही.

हे वाक्य मी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. आत्तापर्यंत हा माणूस मला आवडत होता. पुढेही तो आवडण्यासारखं बरंच काही करणार आहे. पण हे वाक्य वगळून त्याचं चरित्र सांगता येणार नाही. एका खात्यातली तूट झाकायला दुसऱ्या खात्यातली शिल्लक दाखवायची नसते, हे मी कमिटीत नेहमी सांगत आलो. तर ही तूट इथे लिहून ठेवू आणि पुढे जाऊ.

सांतांदेरमध्ये तो सात वर्षं होता. स्पेनची राष्ट्रीय लीग तोवर सुरूच झाली नव्हती. ती १९२९ मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या दहा संघांत रेसिंगही होता. नऊ जागा आधीच भरल्या होत्या. दहाव्या जागेसाठी वेगळी बाद फेरी झाली आणि ती रेसिंगने मारली. तिथून तो ओविएदोला गेला आणि मग दक्षिणेला सेव्हिलमध्ये, बेटिस या क्लबकडे.

सेव्हिलमध्ये दोन क्लब. बेटिस आणि सेव्हिला. दोघांचं हाडवैर आजही टिकून आहे. बेटिस १९३२ मध्ये नुकताच पहिल्या श्रेणीत आला होता. पैसा थोडा, नाव त्याहून थोडं. ओकॉनेलने आधी भिंत बांधली. उत्तरेकडच्या बास्क मुलखातले खणखणीत खेळाडू हाताशी होते. त्यांना त्याने बचावात घट्ट उभं केलं. १९३४-३५ च्या मोसमात बावीस सामन्यांत बेटिसवर फक्त एकोणीस गोल झाले. माद्रिदचा बलाढ्य संघ शेवटपर्यंत मागे लागला होता. शेवटचा सामना होता सांतांदेरला, ओकॉनेलच्याच जुन्या क्लबशी. बेटिसने तो ५-० असा जिंकला. बेटिस ३४ गुण, माद्रिद ३३. एका गुणाने लीग जिंकली! बेटिसने लीग जिंकली ती त्या एकाच वेळी. त्याआधी नाही आणि इतक्या वर्षांत पुन्हाही नाही.

असं यश मिळालं की मोठ्या ठिकाणचा निरोप येतो. बार्सिलोनाने त्याला १९३५ मध्ये बोलावलं. क्लबचे दिवस तेव्हा फार बरे नव्हते. पहिली लीग त्यांनी जिंकली होती, पण नंतर घसरण लागली होती. ओकॉनेलच्या पहिल्याच मोसमात त्यांनी कॅटलोनिया प्रांताची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत धडक मारली. तो सामना २१ जून १९३६ रोजी वॅलेन्सियाला माद्रिदशी झाला. बार्सिलोना २-१ असं मागे होतं. शेवटच्या क्षणी बॉल गोलमध्ये जाणार असं वाटत असताना माद्रिदचा गोलकीपर सामोरा याने झेपावून तो अडवला. स्पेनमध्ये त्या अडवण्याच्या गोष्टी अजून सांगतात.

महिनाभरात फुटबॉलचं कुणाला काही पडलं नव्हतं. जुलैमध्ये लष्करातल्या जनरल फ्रँको वगैरे मंडळींनी प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी युद्ध पेटलं. बार्सिलोना शहर सरकारच्या बाजूचं. क्लबचे अध्यक्ष जुसेप सुन्योल हे संसदेचे सदस्य होते. ६ ऑगस्टला माद्रिदजवळच्या डोंगराळ भागात त्यांची गाडी फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती लागली आणि त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. क्लबला अध्यक्ष उरला नाही. बाहेरच्या कुणी क्लब ताब्यात घेऊ नये म्हणून कर्मचाऱ्यांनीच कमिटी करून कारभार हातात घेतला. सभासद कमी होत चालले. जे उरले त्यांना वर्गणीपेक्षा भाकरीची चिंता होती.

ओकॉनेल त्या वेळी सुट्टीवर आयर्लंडला होता. सुखरूप होता. क्लबने त्याला कळवलं की इथली परिस्थिती अशी आहे, तुम्ही परत आला नाहीत तरी आम्ही समजून घेऊ. तो परत गेला.

का गेला, हे त्याने कुठे लिहून ठेवलेलं नाही आणि मीही त्याच्या मनात शिरून काही रचून सांगणार नाही. एवढंच दिसतं की घराकडे जाण्याची वाट मोकळी असताना तो युद्ध चाललेल्या शहरात कामावर हजर झाला. लीग बंद होती. सरकारच्या ताब्यातल्या भागातल्या क्लबांनी मिळून १९३७ मध्ये भूमध्य लीग नावाची स्पर्धा भरवली, ती बार्सिलोनाने जिंकली. पण जिंकून तिजोरी भरत नव्हती. मैदानावर प्रेक्षक नाहीत, वर्गणी नाही, पगार द्यायचे कुठून?

तेव्हा मेक्सिकोहून एक प्रस्ताव आला. तिथले एक उद्योजक संघाला सामने खेळायला बोलवत होते. प्रवासखर्च त्यांचा, वर क्लबला १५,००० डॉलर. १९३७ च्या मे महिन्यात सोळा खेळाडू निघाले. बरोबर ओकॉनेल, क्लबचे सचिव रोसेंद काल्वेत, एक डॉक्टर आणि एक मालिशवाला. आधी मेक्सिकोत सामने झाले, मग न्यूयॉर्कमध्ये. लोकांनी संघाला डोक्यावर घेतलं.

परत निघायची वेळ आली तेव्हा खरा पेच उभा राहिला. खेळाडू तरुण होते. घरी जाणं म्हणजे आगीत जाणं. मेक्सिकोचं सरकार प्रजासत्ताकाच्या बाजूचं होतं, आसरा द्यायला तयार होतं. बरेच जण तिथेच राहिले, काही जण वाटेत फ्रान्समध्ये उतरले. सोळापैकी चौघेच ओकॉनेलबरोबर बार्सिलोनाला परतले. जे राहिले त्यांना दोष देण्याचा मला काही अधिकार नाही. तुम्हा-आम्हालाही मुलंबाळं आहेत.

पैशाचं काय झालं, हे मी खजिनदाराच्या नजरेने पुन्हा पुन्हा वाचलं. काल्वेत यांनी ती रक्कम बार्सिलोनाला नेलीच नाही. पॅरिसच्या बँकेत ठेवली. शहर आज आहे, उद्या कुणाच्या ताब्यात जाईल याचा भरवसा नव्हता. युद्धाच्या काळात क्लबच्या हाती खात्रीची पुंजी राहिली ती हीच. आपल्या भाषेत सांगायचं तर, मेंटेनन्स येणं बंद झालं होतं, पण सिंकिंग फंड सुरक्षित होता.

१६ मार्च १९३८ रोजी बार्सिलोनावर बॉम्बफेक झाली, त्यात क्लबचं कार्यालय उद्ध्वस्त झालं. जानेवारी १९३९ मध्ये शहर पडलं. क्लब मात्र उरला. आज ज्याच्या स्टेडियमसमोर जगभरातले लोक उभे राहून फोटो काढतात, तो हाच क्लब.

युद्धानंतर ओकॉनेल पुन्हा बेटिसकडे गेला आणि मग चक्क त्यांच्या वैऱ्याकडे, सेव्हिलाकडे. १९४२-४३ मध्ये सेव्हिला लीगमध्ये दुसरा आला. शेवटी त्याने पुन्हा सांतांदेरच्या रेसिंगचा संघ सांभाळला. जिथून सुरुवात केली तिथेच येऊन थांबला.

मधल्या काळात सेव्हिलमध्ये त्याने दुसरं लग्न केलं होतं. ही बाईसुद्धा आयरिश, आणि नावही एलनच. पहिल्या एलनला त्याने घटस्फोट दिलेला नव्हता. पुढे मँचेस्टरचा त्याचा मुलगा, जो आता मोठा बाप्या झाला होता, वडिलांना शोधत शोधत स्पेनला पोचला. भेट झाली. पण चारचौघांत ओळख करून देताना वडिलांनी हा माझा पुतण्या आहे, असं सांगितलं.

माझ्या मते या माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण गोष्ट ही आहे. ना ती १९१५ ची पेनल्टी, ना युद्ध. सोळा खेळाडूंना समुद्रापार नेणारा, क्लबसाठी पेटत्या शहरात परत जाणारा माणूस पोटच्या मुलाला मुलगा म्हणू शकला नाही.

स्पेनमधले दिवस संपल्यावर तो लंडनला आला. त्याचा भाऊ तिथे राहत होता, त्याच्या घरात वरच्या माळ्यावर त्याने शेवटचे दिवस काढले. हाती पैसा नव्हता. शेजारीपाजारी कुणाला पत्ता नव्हता की हा म्हातारा कोण. फेब्रुवारी १९५९ मध्ये, वयाच्या ७१ व्या वर्षी तो गेला. केन्सल ग्रीन इथल्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरलं. कबरीवर नाव नव्हतं. पन्नासहून अधिक वर्षं ती जागा तशीच होती.

मग नाव कुणी लावलं? त्याने मागे टाकलेल्या घरानेच. मँचेस्टरच्या त्या कुटुंबातल्या नातवाने आणि नातसुनेने त्याचं आयुष्य शोधून काढलं, पुस्तक लिहिलं, फुटबॉलप्रेमींना हाक दिली, वर्गणी गोळा केली आणि कबरीवर दगड उभा केला. ज्यांचं त्याच्याकडे सगळ्यात मोठं येणं होतं, त्यांनीच त्याचा हिशोब नीट लिहून ठेवला. त्यात तूटही लपवली नाही आणि जमाही.

आता पार्किंगमध्ये परत येतो. हे सगळं वाचताना मला सारखे आठवत होते ते आपले पहिले वॉचमनकाका. नव्या सभासदांना ते माहीत नसतील. सोसायटीची सुरुवातीची वर्षं आठवा. बिल्डर काम अर्धवट टाकून गेलेला, पाणी टँकरचं, लिफ्ट बंद, आणि अर्ध्या लोकांचा मेंटेनन्स थकलेला. एका वर्षी सलग तीन महिने आपण काकांना पगार देऊ शकलो नाही. चेकवर सही करणारा मी होतो, म्हणून मला पक्कं आठवतं. दुसरीकडे नोकरी मिळत होती, मीच त्यांना सांगितलं की जा, आम्ही समजून घेऊ. ते गेले नाहीत. रात्री टँकर आला की व्हॉल्व्ह फिरवायला तेच उठायचे. थकलेला पगार आपण नंतर हप्त्याहप्त्याने चुकता केला. पण त्यांची बायको-मुलं गावाकडे होती आणि गणपतीला आपल्या आरतीची तयारी काका करत, तेव्हा त्यांच्या घरचा गणपती त्यांच्याशिवाय बसत होता. हे माझ्या वहीत कुठल्याच रकान्यात नाही. ते कायमचे गावी गेले, तेव्हा आपण एक नारळ आणि शाल दिली.

रौप्यमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वाराशी संगमरवरी पाटी बसणार आहे. पंचवीस वर्षांतले अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांची नावं त्यावर असतील. माझंही आहे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे की त्या पाटीवर काकांचं नाव घालावं आणि उद्घाटनाला त्यांना त्यांच्या घरच्या सगळ्यांसकट बोलवावं. गाडीखर्च सोसायटीचा. अनुमोदन कोण देणार ते आत्ताच ठरवून ठेवा, म्हणजे सभेत वेळ जायचा नाही.

बी विंगमधल्या त्या छोट्याने परवा मला पुन्हा गाठलं. क्लब आपल्या सोसायटीसारखा कसा, ते सांगा म्हणाला. मी त्याला बाकावर बसवून ही सगळी गोष्ट सांगितली. गोष्ट ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, की मग त्या माणसाच्या नावाचा शर्ट मिळतो का?

सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा. आणि हो, थकबाकीदारांनी कृपया मनावर घ्यावं.